मधासारखं तेल

मेंढरू विकत घ्यायचं तर आधी त्याचा जबडा फाकून दात बघायचे, पाठीच्या कण्यावरनं अंगठा फिरवायचा आणि मग थोडं हाकून त्याची चाल बघायची. येडबानं उभा जन्म हेच केलं होतं. गाडीला मात्र दात नव्हते. परभणीतल्या एका कॉलनीत, लोखंडी फाटकासमोर उभ्या असलेल्या पांढऱ्या डिझेल गाडीकडं तो बघत होता आणि तिच्या अंगावर हात नेमका कुठं ठेवायचा, हे त्याला समजत नव्हतं.

गाडी हवी होती बानूबाईसाठी. येडबाच्या बायकोची दोन्ही मूत्रपिंडं बसली होती. आठवड्यातून तीन खेपा तिला राणीसावरगावहून परभणीला आणायचं, दवाखान्यात रक्त धुणाऱ्या मशीनला जोडायचं आणि परत न्यायचं. गावातून एसटीनं गंगाखेड, तिथून दुसरी एसटी. परतीला ती खिडकीच्या गजाला कपाळ टेकून बसायची. जागा मिळाली नाही तर दोन सीटांच्या मधे खालीच बसायची. एकदा वाटेत बस बंद पडली, खेप चुकली, आणि तिच्या छातीत पाणी भरलं. पुन्हा असं झालं तर आमच्या हातात काही राहणार नाही, असं डॉक्टरांनी येडबाला बाजूला घेऊन सांगितलं. त्यानंतर येडबानं निम्मा कळप विकून टाकला. त्याला गाडीचा रंग नको होता, गाणी नको होती. वाटेत बंद न पडणारं इंजन पाहिजे होतं.

"चार लाखांच्या पुढं पळालीया," त्याचा पोरगा मल्हार काचेतून मीटर बघत म्हणाला. "लय झालं की, आबा."

"आकड्याला काय बघायलास?" चंद्रभान म्हणाला. हा गंगाखेडचा मिस्त्री, तोंडानं अखंड चालू. "आकडा उलटा फिरवता येतो, इंजन उलटं फिरवता येत न्हाई. इंजनाची तब्येत बघावी."

त्यानं आधी बॉनेटवर तळहात ठेवला. विकणारे गिऱ्हाईक यायच्या आधी गाडी तापवून ठेवतात, म्हणजे थंड इंजनाची खोड दिसत नाही. बॉनेट गार होतं. मल्हारनं चावी फिरवली आणि इंजन पहिल्याच फेऱ्याला लागलं. चंद्रभाननं मागं जाऊन धूर बघितला. निळा धूर म्हणजे इंजन तेल पितं, पांढरा म्हणजे पाणी आत शिरतं. इथं धूरच नव्हता. चालू इंजनावर त्यानं तेलाचं झाकण उघडून उलटं ठेवलं. आतून गेलेल्या इंजनात ते थडथड उडतं. हे झाकण एखाद्या झोपलेल्या जनावरासारखं पडून राहिलं.

मग इंजन बंद करून त्यानं तेल मोजायची लांब काडी ओढली आणि उन्हात धरली. तेल मधासारखं होतं. काडीवरची खूण तेलाच्या आतून स्वच्छ दिसत होती.

"कालच बदललं न्हवं, सर?" चंद्रभान हसला. "नवरीला पावडर लावल्यागत."

"बदललेलं नाही," गोविंदराव म्हणाले. "गरज पडत नाही."

गोविंदराव शाळेतून निवृत्त झालेले. अंगात इस्त्रीचा पायजमा-सदरा. ते पायरीवर उभे होते ते पायरीवरच राहिले. खाली उतरले नाहीत, पाणी विचारलं नाही, या म्हणाले नाहीत. त्यांच्या मागच्या खिडकीत एक बाई बसलेली होती. तिचा चेहरा पडद्याआड होता. गजावर ठेवलेला हात तेवढा दिसत होता, आणि त्या हाताची नखं काळी होती. कलप लावताना हाताला लागला असेल, असं येडबाला वाटलं.

सौदा जुळेना म्हणून बराच वेळ गेला. अखेर ठरलं. चावी मल्हारच्या हातात टाकताना गोविंदराव येडबाकडं न बघता म्हणाले, "आणखी एक. ही तेलाची काडी पुसायची असते. त्याला कोरं कापड आणायचं. तुमच्या घरातलं, अंगावरचं फडकं माझ्या इंजिनाला लागता कामा नये. तुमच्या लोकांना सवय असते, हाताला येईल त्यानं पुसायची. मेंढरांच्या घाणीतलं सगळं."

येडबाच्या कानशिलावरची शीर उडाली. "आता इंजन कुणाचं हाय, सर?"

"सांगायचं काम मी केलं," गोविंदराव म्हणाले आणि आत गेले. दार लागलं. खिडकीतला हात जागचा हलला नव्हता.

गंगाखेड येईपर्यंत चंद्रभान मागच्या सीटवर बडबडत होता की असं इंजन आपण जन्मात बघितलं न्हाई, आणखी चार लाख कुठं जात न्हाई. येडबाच्या कानात मात्र 'तुमच्या लोकांना' एवढंच वाजत होतं.

येडबाच्या घरात एक रीत होती. नवं जनावर आणलं की ते वाड्यात सोडायच्या आधी घरच्या बाईनं तिच्या वापरातल्या लुगड्याच्या फडक्यानं त्याचं तोंड पुसायचं. बाईच्या अंगाचा वास नाकाला लागला की जनावर घर धरतं, पुन्हा जुन्या मालकाकडं पळत नाही. बानूबाईनं शेकडो मेंढरांची तोंडं अशी पुसली होती. त्या दिवशी ती बाजेवर उठून बसली, गाडीकडं बघून हसली आणि म्हणाली, "हिचं तोंड कुठंशी हाय वं?"

"तोंड राहू दे," येडबा म्हणाला. "हिची जीभ बाहेर येती. तीच पूस."

त्यानं मल्हारला बॉनेट उघडायला लावलं, काडी ओढली आणि बानूबाईच्या उशाला पडलेलं तिच्या जुन्या लुगड्याचं फडकं उचलून तिच्या हातात दिलं. "पूस, बाने. चांगली खसखसून पूस. त्या मास्तरच्या नाकावर टिच्चून."

बानूबाईनं वरपासून खालपर्यंत काडी पुसली. फडक्यावर डाग पडला नाही. येडबानं काडी आत सारली. इंजन बंद होतं, तरी आत कुठंतरी टक् असं वाजलं. तापलेलं लोखंड गार होताना वाजतं, असं मल्हार म्हणाला.

गाडीनं घर धरलं. थंडीच्या दिवसांत सकाळी पहिल्या फेऱ्यालाच लागायची. खड्डे, चढ, रेल्वे फाटकावरचा खोळंबा, कशालाही दमली नाही. मल्हारला तर तिचं वेडच लागलं. हवेची जाळी तो स्वतः झटकायचा, पाणी बघायचा, दिवसाआड काडी ओढायचा. तेल मधासारखंच. आवाज तर आधीपेक्षा नितळ होत चालला होता. "आबा, जवान व्हायली बगा ही," तो म्हणायचा.

मेंढरं तिच्या सावलीला बसेनात. भर दुपारी अंगणात दुसरी सावली नसताना कळप उन्हात उभा राहायचा, तोंडं गाडीकडं करून. सांजेला आत येताना सगळी मेंढरं गाडीपाशी दुभंगायची, लांबून वळसा घेऊन पुन्हा एक व्हायची. येडबानं नेहमीच्या म्होरक्या एडक्याला कानाला धरून जवळ नेलं. एडका मुतला, पण पुढं सरला नाही.

"डिझेलच्या वासानं," मल्हार म्हणाला.

संक्रांतीला बानूबाईनं बांगड्या भरल्या तेव्हा कासारणीनं तिचा हात उलटापालटा करून बघितला. नखांच्या मुळाशी काळी रेघ आली होती. पुढं ती रेघ चढत गेली आणि नख पार काळं झालं. औषधांनी होत असेल, असं सगळे म्हणाले. दवाखान्यात मशीन लावणाऱ्या पोरीनं विचारलं, "आजी, कलप लावता का?" बानूबाईला हसू आलं. तिचं डोकं पांढरंफेक होतं.

येडबाला मात्र हसू आलं नाही. कलप हा शब्द त्याच्या डोक्यात कुठंतरी अडकला आणि निघेना.

खेप एकही चुकत नव्हती. गाडी एकदाही थांबली नव्हती. तरी बानूबाई खालावत चालली. पूर्वी मशीनवरून उठली की संध्याकाळपर्यंत तिला तरतरी असायची. आता येता येताच ती सीटवर कलंडायची. डॉक्टर कागद चाळायचे, पुन्हा रक्त काढायचे. मशीनची जाळी लवकर भरते, रक्त घट्ट येतं, काय खाता म्हणून विचारायचे. ती भाकरीचा तुकडाही खात नव्हती.

"तोंडात काजळी आल्यागत लागायलंय," ती म्हणायची. "चूल पेटली न्हाई तरी."

उन्हाळ्यात मल्हारनं तेल बदलायचं काढलं. दवाखान्यातून परत येताना गाडी गंगाखेडला चंद्रभानच्या शेडमधे घातली. बानूबाई मागच्या सीटवरच निजून होती. तिला उतरायची ताकद नव्हती.

चंद्रभाननं खाली पसरट डबा ठेवला आणि बोल्ट काढला. तेलाची धार लागली. तो गाणं गुणगुणत होता. ते थांबलं.

धार सोन्यासारखी होती. डब्याचा तळ तेलातून दिसत होता.

"मल्हार, तू दुसरीकडं कुठं तेल बदललंस का रं?"

"न्हाई. गाडी आणल्यापासनं हेच हाय."

चंद्रभाननं बोट बुडवलं, चोळलं, नाकाला लावलं. मग हात पायजम्याला पुसत तो मागं सरला. "येडबातात्या, डिझेलच्या इंजनात नवं तेल टाकलं तर बाजार ओलांडूस्तोवर काळं पडतंय. पडाय पायजे. इंजनाची सगळी घाण, सगळी काजळी त्येच अंगावर घेतंय. तेलाचं कामच ते हाय."

"मग?"

"मग हे गोरं कामून हाय?"

येडबा डब्याकडं बघत राहिला. "घाण तर व्हतच असंल," तो हळू म्हणाला. "मग ती जातीया कुठं?"

गाडीच्या आत बानूबाई खोकली. खोल, ओला खोकला. तिनं पदर तोंडाला लावला आणि बाजूला केला.

पदरावर काळं होतं. डांबरासारखं, चकाकणारं.

चंद्रभाननं ते बघितलं. त्यानं मुकाट्यानं बोल्ट बसवला, नवं तेल ओतलं आणि म्हणाला, "घेऊन जावा. पुन्यांदा माझ्याकडं आणू नका." अखंड बोलणारा माणूस. रस्त्याला लागेपर्यंत तो पाठ करून उभा होता.

घरी येताच येडबानं लुगड्याचं ते फडकं शोधून काढलं आणि जाळलं. कोरं कापड आणून काडी पुसली, पुन्हा पुसली. बानूबाईचा खोकला थांबला नाही.

"गाडी काढायची," तो मल्हारला म्हणाला.

"येड लागलंय का तुमाला? मायला बसनं न्यायचं? दोन खेपांत मरंल ती!"

"हिच्यात बसून मरायलीय."

"दवाखान्याचं दुखणं हाय ते, आबा! गाडीवर कामून घालायलाव? असं इंजन पुन्हा गावायचं न्हाई." मल्हारचा आवाज चढला होता. बोलताना तो गाडीच्या आणि बापाच्या मधे उभा राहिला होता, हात पसरून. येडबाला आपल्या पोराची तेवढ्यापुरती भीती वाटली.

दुसऱ्या सकाळी तो एकटाच एसटीनं परभणीला गेला.

लोखंडी फाटक एका बाईनं उघडलं. पन्नाशीची, भरल्या अंगाची, हातात जास्वंदीच्या फुलांची परडी. "कोण पाहिजे?" तिनं विचारलं. तिची नखं गुलाबी होती.

"हेमा, आत जा," मागून गोविंदराव म्हणाले.

ते आजही पायरीवरच उभे राहिले. येडबानं डोक्याचा पटका काढून हातात घेतला.

"सर, माझी बायको..."

"मी सांगितलं होतं."

"फडकं जाळलं. कोरं लावून बघितलं. तेल बदललं."

"आम्हीही बदललं होतं," गोविंदराव म्हणाले. "सगळं करून बघितलं होतं. गाडी नुसती उभीसुद्धा करून बघितली. वर्षभर."

"मग ह्या बाई बऱ्या कशा झाल्या?"

गोविंदरावांनी मागं वळून दाराकडं बघितलं. आतून भांड्यांचा आवाज आला. हेमाबाई काहीतरी गुणगुणत होत्या.

"तुमी मला सांगितलं," येडबा म्हणाला, "ते असं घाण बोलून कामून सांगितलं? चार शब्द नीट बोलला असता, तर मी ऐकलं असतं."

"हो," गोविंदराव म्हणाले. "ऐकलं असतं."

फाटकाच्या कडीला त्यांनी हात घातला. त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता, लाजही नव्हती. "तुमच्या आधी तिघं येऊन बघून गेले होते. त्यांना नीट सांगितलं होतं. ते कोरं कापड आणतो म्हणाले, म्हणून त्यांना गाडी दिली नाही. मग तुम्ही आलात. तुम्ही तापट निघालात."

कडी लागली.

येडबानं गाडी विकायला काढली. मल्हार बोलायचा बंद झाला होता. त्यानं चावी अंगणात फेकली आणि घरातून निघून गेला तो दोन दिवस आला नाही.

चुडाव्याहून गोपाळ आला. तरणाताठा, उमदा माणूस. स्टेशनवर उतरणाऱ्या लोकांना गावोगाव सोडायचा धंदा करायचा होता त्याला. बरोबर बायको पंचफुला, आणि खांद्यावर भक्ती नावाची लहानगी. नुकती बोलायला लागलेली. डोक्याला पिवळं टोपडं. मेंढरं बघून ती टाळ्या पिटत होती.

"मामा, इंजन तर झकास हाय," गोपाळ म्हणाला. त्यानं पहिल्या फेऱ्याला लागलेली गाडी ऐकली होती, धूर बघितला होता. काडी ओढून उन्हात धरली होती. "एवढी पळाली तरी तेल मधावानी!"

येडबा बाजेवर बसला होता. काय बोलायचं ते त्यानं रात्रीच ठरवून ठेवलं होतं. लेकरा, ही गाडी नेऊ नको, असं म्हणायचं. नेलीस तर काडीला कोरं कापड लाव, पाया पडतो, घरच्या कुणाचं लावू नको. मऊ शब्द निवडून ठेवले होते. लोक ऐकतील असे.

"घेतली म्हना, मामा," गोपाळ म्हणाला. "काय सांगायचं असंल तर सांगा. मी नवीन हाय ह्या कामात."

येडबानं तोंड उघडलं.

आत बानूबाई खोकली.

खोकला थांबेना. मग थांबला, आणि तिचा श्वास ओढून घेतल्याचा आवाज बाहेरपर्यंत आला. जाळीत पाय अडकलेल्या कोकरासारखा.

"एक हाय," येडबा म्हणाला. आवाज त्याचाच होता. "काडी पुसायला कोरं कापड आणायचं. तुमच्या घरातलं फडकं माझ्या इंजनाला लागता कामा नये."

"म्हंजी?"

"म्हंजी तुमच्या लोकांना सवय असती. आंगावरचं, हागल्या-मुतल्याचं, हाताला येईल ते लावायची. घाणीत राहता, घाणच लावता."

गोपाळचा चेहरा उतरला आणि मग तापला. पंचफुला म्हणाली, "आवो, चला, राहू द्या, म्हातारं माणूस." त्यानं ऐकलं नाही.

"माझी गाडी झाली न्हवं ही आता?"

येडबा जमिनीकडं बघत होता.

गोपाळनं पोरीच्या डोक्यावरचं पिवळं टोपडं काढलं. काडी ओढली. येडबाच्या समोर, त्याला दिसेल अशी धरून, वरपासून खालपर्यंत पुसली.

आत टक् असं वाजलं.

टोपड्यावर डाग नव्हता. गोपाळनं ते पोरीच्या डोक्यावर परत घातलं.

त्या सांजेला मेंढरं सरळ आली. कुठंही दुभंगली नाहीत. बानूबाईनं अर्धी भाकरी खाल्ली. येडबानं कंदिलासारखा मोबाइलचा उजेड तिच्या बोटांवर धरला. नखांच्या मुळाशी गुलाबी कोर आली होती.

"काय बघायलाव?" ती म्हणाली.

"काय न्हाई."

तीन-चार दिवसांनी गोपाळचा फोन आला. त्याचा राग विरला होता, धंदा चांगला लागला होता. "मामा, त्या दिवशी मी जरा जास्तच बोललो, मनावर घेऊ नका. गाडी मात्र नंबरी दिली तुमी. आज बी काडी बघितली. तेल मधावानी हाय."

येडबानं फोन कानाला धरून ठेवला. गोपाळच्या मागं हापश्याचा आवाज येत होता, आणि पंचफुला पोरीवर ओरडत होती.

"कशात घातलीस गं ही बोटं? किती घासायली मी, निघंना की!"